अमॉर्फस गोळीत क्रिस्टल दिसले की लगेच पॉलिमर वाढवू नका

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाण्यात जवळपास न विरघळणारं एक औषध आहे, ते पीव्हीपी-व्हीए पॉलिमरबरोबर स्प्रे ड्राय करून (द्रावण फवारून वाळवून) अमॉर्फस केलंय, म्हणजे रेणूंची ठराविक रचना नसलेलं, काचेसारखं, औषध ४० टक्के, पॉलिमर ६० टक्के. औषधाचा स्वतःचा टीजी, म्हणजे ही काच मऊ व्हायला लागते ते तापमान, ४५ अंश, पॉलिमरचा १०६, आणि दोघांच्या मिश्रणाचा डीएससीत (नमुना गरम करत त्यातले बदल मोजणाऱ्या यंत्रात) ७९ आला. गोळ्या एचडीपीईच्या (प्लास्टिकच्या) बाटलीत, डेसिकंट (ओल शोषणारी पुडी) नाही. आता ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तिसऱ्या महिन्यात एक्सआरडीत (क्रिस्टल ओळखणाऱ्या एक्स-रे चाचणीत) दोन छोटे पीक डोकं वर काढतायत, २५/६० ला (२५ अंश, ६० टक्के आर्द्रता) अजून काही नाही. विचारलंय असं की टीजी ७९ असताना ४० अंशाला क्रिस्टल पडलेच कसे, साहेब म्हणतात तसं पॉलिमर वाढवू का, आणि हे दोन वर्षं टिकेल का.

वीसेक वर्षं मी हेच करतोय आणि हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच, आकडे तेवढे वेगळे असतात. माझं म्हणणं एकच आहे, क्रिस्टल कुठे सुरू झाला आणि तिथे पाणी कसं पोचलं हे कळल्याशिवाय फॉर्म्युल्याला हात लावू नका, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं.

पहिलं म्हणजे तो ७९ चा आकडा. तो कोरड्या पावडरीचा आहे. डीएससीच्या भोकवाल्या पॅनमधे गरम करताना टीजी यायच्या आधीच पाणी उडून गेलेलं असतं, आणि तुमची गोळी काही अशी कोरडी राहत नाही, ती ७५ टक्के आर्द्रतेत तीन महिने बसलीये. बाटलीचं झाकण कितीही घट्ट लावा, एचडीपीईतून ओल आत जातेच, हळूहळू जाते एवढंच. पाण्याचा टीजी धरतात साधारण १३६ केल्विन, म्हणजे उणे १३७ अंश, त्यामुळे चिमूटभर पाणी पण अख्ख्या मिश्रणाला मऊ करून टाकतं. कागद घ्या आणि फॉक्सचं साधं समीकरण मांडा, वजनाचा वाटा भागिले टीजी, सगळे केल्विनमधे, त्यांची बेरीज करायची आणि उलटी करायची. तुमचं कोरडं मिश्रण ३५२ केल्विन येतं, म्हणजे ७९ अंश, डीएससीशी जुळतंय. आता त्यात समजा ५ टक्के पाणी शिरलं. ०.९५ भागिले ३५२ अधिक ०.०५ भागिले १३६, उत्तर येतं ३२६ केल्विन, म्हणजे ५३ अंश. ४० अंशाच्या चेंबरमधे तुम्हाला वाटत होतं टीजी ३९ अंश लांब आहे, प्रत्यक्षात तो १३ अंशांच्या अंतरावर येऊन बसलाय. पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

उरलेलं अर्धं असं, की टीजीच्या खाली सगळं गोठून थांबतं ही समजूतच चुकीची आहे. टीजी म्हणजे काच मऊ व्हायला लागते ते तापमान, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या खाली पण रेणू हलत असतात, फक्त फार सावकाश. १९९५ मधे हॅनकॉक, शॅम्ब्लिन आणि झोग्राफी या तिघांनी इंडोमेथासिन, पीव्हीपी आणि सुक्रोजच्या काचेवर हे मोजून दाखवलं आणि तिथूनच तो नियम आला की साठवणीचं तापमान टीजीपेक्षा किमान ५० अंश खाली ठेवा, म्हणजे शेल्फ लाइफच्या हिशोबात हालचाल नगण्य होते. नियम चांगला आहे, मी पण वापरतो, पण लोक तो गॅरंटी कार्डासारखा वापरतात तिथे घोळ होतो. तुमच्या केसमधे तर कोरड्या आकड्यावरसुद्धा ४० ला ५० चं अंतर भरत नाही, ३९ च आहे. २५ ला कोरडं अंतर ५४, म्हणून सगळे निर्धास्त, पण तिथेही ३ टक्के पाणी धरलं तर टीजी ६३ वर येतो आणि अंतर उरतं ३८.

बरं, टीजी सारखा असलेली दोन औषधं सारखी वागतात असंही नाही. निफेडिपिन आणि फेलोडिपिन ही एकाच घराण्यातली, दोघांचा टीजी ४५ अंशाच्या आसपास, पण निफेडिपिन बघता बघता क्रिस्टल होतं आणि फेलोडिपिन बराच काळ तग धरतं. कारण क्रिस्टल होणं ही दोन टप्प्यांची गोष्ट आहे. आधी एक बी पडावं लागतं, म्हणजे थोडे रेणू योग्य रचनेत एकत्र यावे लागतात, आणि मग ते बी वाढावं लागतं. बी पडायला बहुतेक वेळा कमी तापमान सोयीचं, टीजीच्या जवळपासचं, आणि वाढायला त्याहून बरंच जास्त. म्हणून वितळवून गार केलेलं औषध गार होताना काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि परत गरम करताना मधेच फटकन पांढरं पडतं, पॅरासिटामॉल असंच करतं. गार होताना बी पडून गेलेलं असतं, तुम्हाला दिसत नाही एवढंच. २०१० मधे लिन टेलर यांच्या गटाने ५१ रेणू असे वितळवून, गार करून, परत गरम करून बघितले आणि तीन गट पाडले, गार होतानाच क्रिस्टल होणारे, परत गरम करताना होणारे आणि दोन्ही वेळा न होणारे. कार्बामॅझेपिन पहिल्यात, पॅरासिटामॉल दुसऱ्यात, इंडोमेथासिन, फेलोडिपिन तिसऱ्यात. तुमचं औषध कुठल्या गटातलं आहे हे डीएससीवर एका दुपारीत कळतं, आणि ते केलेलं नसेल तर आज करा, कारण पहिल्या गटातलं औषध ४० टक्के लोडिंगला (औषधाच्या वाट्याला) टिकवायचं म्हणजे खरंच अवघड काम आहे आणि तिसऱ्या गटातलं असेल तर तुमच्या अडचणीचं मूळ बहुतेक प्रोसेसमधे आहे.

आता पॉलिमर वाढवायची गोष्ट. समजा औषध ४० वरून २५ टक्क्यांवर आणलं. कोरडा टीजी ७९ चा ८८ झाला, साहेब खूष. पण पाणी कोण ओढतंय? औषध तर पाण्याला जवळ करत नाही, ओढतोय तो पीव्हीपी-व्हीएच. पॉलिमर ६० चा ७५ टक्के झाला तर पाणी पण त्याच प्रमाणात ५ चं सव्वासहा होणार असं धरा. परत फॉक्स मांडा, ओला टीजी येतो ५४-५५ अंश. म्हणजे कागदावर नऊ अंश कमावले आणि हातात पडला दीड अंश, शिवाय तेवढाच डोस द्यायला डिस्पर्शन (हे औषध-पॉलिमरचं मिश्रण) दीडपटीपेक्षा जास्त लागणार त्यामुळे गोळी मोठी होणार. पॉलिमर वाढवून फायदा होतच नाही असं नाही हं, रेणू एकमेकांपासून लांब जातात, पॉलिमरशी हायड्रोजन बॉन्ड जास्त होतात, औषधाची पॉलिमरमधली सॅच्युरेशन कमी होते, हे सगळं खरं. पण तो फायदा टीजीच्या आकड्यात शोधू नका.

आणि ओलीचा एक वेगळाच त्रास आहे जो टीजीत दिसतच नाही. पाणी शिरलं की औषध आणि पॉलिमर यांचा संसारच मोडू शकतो, दोघं वेगळे होतात, दोन्ही अजून अमॉर्फस, पण एक भाग औषधाने भरलेला आणि दुसरा पॉलिमर आणि पाण्याने. फेलोडिपिन आणि पीव्हीपीत जास्त आर्द्रतेला हे होतं हे नीट अभ्यासलेलं आहे. एक्सआरडी स्वच्छ असतो, सगळे म्हणतात पास, आणि तो औषधाने भरलेला भाग आता पॉलिमरच्या पहाऱ्याशिवाय एकटा बसलेला असतो. पुढच्या पॉइंटला, म्हणजे पुढच्या ठरलेल्या तपासणीला, क्रिस्टल. एचपीएमसी-एएस हा दुसरा पॉलिमर कमी पाणी घेतो म्हणून हल्ली खूप लोक तिकडे वळतात, मी पण पहिल्या चाळणीत तो ठेवतोच. पण पीव्हीपी-व्हीए वाईट आहे असा निष्कर्ष काढू नका. लोपिनाविर-रिटोनाविरची कॅलेट्रा (एचआयव्हीवरचं औषध) आधी सॉफ्ट कॅप्सूलमधे होती, फ्रिजमधे ठेवावी लागायची, आणि २००५ मधे अमेरिकेत तिची मेल्ट एक्सट्रूजनने (औषध-पॉलिमर एकत्र वितळवून) केलेली गोळी आली जिला फ्रिज लागत नाही, त्यात पॉलिमर हाच.

मग क्रिस्टल सुरू कुठे होतो? माझा अनुभव विचाराल तर दहातल्या आठ वेळा पृष्ठभागावर. काचेच्या पोटात रेणू चारी बाजूंनी दाबलेले असतात, पृष्ठभागावरच्या रेणूंना वरची बाजू मोकळी, त्यामुळे ते कितीतरी जास्त हलतात. विस्कॉन्सिनच्या लियान यू यांच्या गटाने २००७ मधे इंडोमेथासिनच्या काचेवर जेमतेम १० नॅनोमीटर सोन्याचा थर दिला आणि पृष्ठभागावरची वाढ थांबली. पॉलिमरचा बारीक थर देऊनही तेच. आत औषध तेच, टीजी तोच, फक्त वरचं दार बंद केलं. म्हणून बारीक दळलेली डिस्पर्शन पावडर म्हणजे नुसता पृष्ठभागच, हे लक्षात ठेवा.

एक माझीच फजिती सांगतो. एका प्रॉडक्टमधे आमची गोळी कुटून केलेला एक्सआरडी प्रत्येक पॉइंटला स्वच्छ यायचा पण डिसोल्यूशन (गोळीतलं औषध किती विरघळतं ती चाचणी) दर पॉइंटला थोडं थोडं खाली घसरत होतं. आम्ही दोन महिने डिसोल्यूशनच्या पद्धतीला शिव्या घातल्या, पॅडल बदलले, फिल्टर बदलले, ॲनालिस्ट पण बदलून बघितला बिचारा. शेवटी एक दिवस मी गोळी न कुटता ब्लेडने वरचा थर खरवडला, गोळीवर जी अक्षरं कोरलेली असतात ना त्या खाचेतला, आणि ती भुकटी पोलराइज्ड लाइटखाली ठेवली, ज्यात क्रिस्टल चमकतो आणि अमॉर्फस काळं दिसतं. काळ्या पार्श्वभूमीवर सुया चमकत होत्या, झुबक्याने. गोळीच्या मधला भाग ठेवला तर काळोख. अख्खी गोळी कुटली की त्या सुया शंभरात एक-दोन भाग होऊन जात होत्या आणि एक्सआरडीला दिसत नव्हत्या. कारण निघालं कोटिंग पॅनमधलं, पाण्याचं कोटिंग होतं, स्प्रे रेट जास्त आणि बेड थंड, त्यामुळे गोळीचा वरचा थर प्रत्येक फेरीत ओला होत होता आणि खाचेत पाणी जरा जास्त वेळ थांबत होतं. फॉर्म्युल्यात एक ग्रॅमचाही बदल न करता ते प्रकरण मिटलं. तेव्हापासून कुटायच्या आधी खरवडा हा माझा नियम.

पोलराइज्ड मायक्रोस्कोपमधे एक खोच आहे, एमसीसी (सेल्युलोजची पावडर) आणि लॅक्टोज हे एक्सिपियंट, म्हणजे गोळीतले पूरक पदार्थ, पण चमकतात, त्यामुळे प्लासिबो (औषध नसलेली तीच गोळी) शेजारी ठेवून बघा, नाहीतर उगाच घाबराल. यासाठीच मी सांगतो की गोळीबरोबर नुसती डिस्पर्शन पावडर पण चेंबरमधे ठेवत जा, तिच्यात एक्सिपियंटचा गोंधळ नसतो. साध्या एक्सआरडीला २ ते ५ टक्क्यांच्या खालचं दिसणं कठीण, आणि गोळीत तर डिस्पर्शन आधीच पातळ झालेलं असतं, म्हणजे तुम्हाला जे दोन छोटे पीक दिसतायत ती सुरुवात नाहीये, बऱ्यापैकी पुढे गेलेलं प्रकरण आहे. डीएससी तर दोन्ही बाजूंनी फसवतो. मिनिटाला १० अंशाने गरम करताना अमॉर्फस औषध मधेच क्रिस्टल होऊन पुढे वितळतं आणि तुम्ही म्हणता नमुन्यात क्रिस्टल होता, किंवा उलटं, खरा क्रिस्टल त्याचं मेल्टिंग यायच्या आधीच मऊ झालेल्या पॉलिमरमधे विरघळून जातो आणि तुम्ही म्हणता सगळं अमॉर्फस. दुसरी चूक जास्त महागात पडते. नुसत्या डीएससीवर पास-फेल ठरवणारा रिपोर्ट माझ्याकडे आला तर मी परत पाठवतो.

बी कुठून आलं हे बघताना तुमच्या प्रोसेसची उलटी फेरी मारा. फीड सोल्यूशनमधे औषध पूर्ण विरघळलं होतं का, की तळाशी थोडं राहिलं होतं आणि कुणी लक्ष दिलं नाही. स्प्रे ड्रायरमधून निघालेल्या पावडरीत सॉल्व्हंट राहतो, ॲसिटोन म्हणा मेथॅनॉल म्हणा, तो पण पाण्यासारखाच टीजी पाडतो, आणि ती ओलसर पावडर दुसऱ्या ड्रायिंगला लावायच्या आधी ड्रममधे किती तास पडून होती हे बॅच रेकॉर्डमधे शोधा, हा माझा आवडता संशयित आहे. मग मिलिंग, कॉम्प्रेशन, तिथे दाब आणि घर्षण दोन्ही. डिस्पर्शनचं वेट ग्रॅन्युलेशन (ओलं करून दाणे पाडणं) कुणी केलं असेल तर बोलायलाच नको, रोलर कॉम्पॅक्शनच (कोरडंच दाबून) करा. आणि ज्या खोलीत क्रिस्टलाइन एपीआय (मूळ औषध) दळतात त्याच खोलीत डिस्पर्शन उघडं ठेवत असाल तर हवेतून बी पेरताय तुम्ही.

एकदा क्रिस्टल पडला की तो पुढचं काम स्वतःच करतो, हे डीव्हीएसवर (आर्द्रता बदलत नमुन्याचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) फार छान दिसतं. आर्द्रता पायरीपायरीने वाढवत न्या, नमुन्याचं वजन चढत जातं, चढत जातं, आणि मग अचानक खाली येतं, आर्द्रता तीच असताना. तिथे क्रिस्टल झाला. क्रिस्टलच्या रचनेत पाण्याला जागा नाही म्हणून त्याने ते बाहेर ढकललं. यंत्रात ते पाणी नायट्रोजनबरोबर निघून जातं, पण बंद बाटलीत कुठे जाणार, शेजारच्या अमॉर्फस भागात, त्याचा टीजी पडतो, तिथे क्रिस्टल होतो, तो पाणी ढकलतो. म्हणून अशा प्रॉडक्टचा आलेख तीन महिने सपाट आणि चौथ्याला कोसळला असा असू शकतो, आणि सरळ रेषा ओढून दोन वर्षांचा अंदाज करणारे तोंडावर पडतात.

थोडा क्रिस्टल झाला तर काय बिघडलं असंही लोक विचारतात. अमॉर्फस औषधाचा फायदा तसाही थिअरीएवढा मिळत नाही, हॅनकॉक आणि पार्क्स यांनी २००० मधे हिशोब केला तेव्हा अंदाज १० ते १६०० पट विद्राव्यतेचा येत होता आणि प्रत्यक्ष मोजल्यावर त्याहून बराच कमी, इंडोमेथासिनला पाण्यात २५ अंशाला साडेचार पट. तो जो काही फायदा आहे तो पोटात द्रावण काही काळ सुपरसॅच्युरेटेड, म्हणजे एरवी विरघळतं त्याहून जास्त औषध धरून, राहण्यावर आहे, आणि गोळीबरोबर क्रिस्टलची बी पोटात गेली तर जास्तीचं विरघळलेलं औषध त्याच बीवर येऊन बसतं. हे काही नवीन ज्ञान नाही. नोव्होबायोसिनच्या सस्पेन्शनबद्दल १९६० सालीच छापून आलं होतं की अमॉर्फस असेल तर औषध रक्तात येतं, क्रिस्टलाइन असेल तर येत नाही, आणि बाटलीतच अमॉर्फसचं क्रिस्टलाइन होत जातं, ते लांबवायला त्यांनी मिथाइलसेल्युलोज घातलं होतं. डिसोल्यूशन भरपूर सर्फॅक्टंट (साबणासारखा, औषध विरघळवणारा पदार्थ) घालून केलं तर हा फरक झाकला जातो, म्हणून एक नॉन-सिंक डिसोल्यूशन (सगळं औषध सहज विरघळणार नाही अशा द्रावात) स्वतःसाठी तरी करून ठेवा, फाइलमधे जाऊ दे न जाऊ दे.

आता दोन वर्षांचं. ४०/७५ वरून २५/६० चा हिशोब आर्‍हेनियसने करू नका, म्हणजे तापमानावरून वेग काढायच्या त्या ठरलेल्या सूत्राने, केमिकल डिग्रेडेशनला तो बरा चालतो पण इथे तुम्ही दोन वेगळ्या अवस्थांची तुलना करताय, एक टीजीच्या उंबरठ्यावर बसलेली आणि एक बऱ्यापैकी खाली. म्हणजे ४० ला क्रिस्टल आला म्हणून २५ ला येणारच असं नाही, आणि २५ ला आला नाही म्हणून उष्ण-दमट झोनच्या ३०/७५ ला येणार नाही असंही नाही. तुमचं मार्केट त्या झोनमधलं असेल तर तुमच्याकडे आत्ता उत्तरच नाहीये, ३०/७५ चा डेटा लावा, दुसरा रस्ता नाही.

मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात एवढंच केलं असतं. तीन महिन्यांच्या त्याच गोळीचा वरचा थर, खाच आणि मधला भाग वेगळा खरवडून मायक्रोस्कोपखाली. त्याच गोळीचं कार्ल फिशर (पाणी मोजायची चाचणी), म्हणजे माझे ते ५ टक्के बरोबर की चूक ते कळेल. नुसत्या डिस्पर्शनचे चार नमुने, दोन ४० अंशाला कोरडे, फॉइलच्या पाऊचमधे मॉलिक्युलर सीव्हबरोबर (ओल शोषणारा पदार्थ), आणि दोन ४०/७५ ला उघड्या डिशमधे. कोरड्यात काही झालं नाही आणि उघड्यात झालं तर गुन्हेगार ओल आहे, मग डेसिकंट किंवा अलू-अलू ब्लिस्टर (दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी), झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती इथे अगदी शब्दशः लागू पडते. कोरड्यातही क्रिस्टल आला तर मग पॅकिंगवर पैसे घालवू नका, प्रोसेसमधलं बी शोधा, आणि तेही सापडलं नाही तरच लोडिंग कमी करणं किंवा पॉलिमर बदलणं. साहेबांसमोर ७९ चा आकडा घेऊन वाद घालत बसू नका, महिन्याभराने कोरडी आणि ओली अशा दोन स्लाइड शेजारी शेजारी ठेवून त्यांनाच मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगा.